सड्यावरचे फोटो कोणी काढले

"कॅमेरा माझा, रोल मी आणलेले, धुवायला कराडला मी दिलेले, आणि बायकोही माझीच. मग फोटो कुणाचा झाला, मॅडम?"

बावडेकरकाकांनी फोनवर हे अगदी शांतपणे विचारलं. मी लॅबच्या मागच्या पायरीवर मांडीवर डबा घेऊन बसले होते. गळ्यात मास्क लोंबत होता, बोटांना स्पिरिटचा वास होता.

"ज्यानं काढला त्याचा," मी म्हणाले.

"तेच म्हणतोय. तिनं काढला. ती गेली. आता तिचं ते माझं."

"तुमचं आणि तुमच्या मुलीचं, काका. दोघांचं."

त्यांच्या शेजारी कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"मुलगी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. पहिल्या दिवशी स्वतःची ओळख लिहिलीत, त्यात होतं. एक मुलगी, बंगळूरला असते."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

ही गोष्ट सावद्याची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती तिथल्या एका केळी-रोपांच्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत. एका केळीच्या कोंबाचे बारीक तुकडे करायचे, काचेच्या बाटलीत वाढवायचे, त्यांना फुटवे आले की पुन्हा तुकडे करायचे. बुरशी लागू नये म्हणून दिवसभर तोंडाला मास्क आणि कामाच्या वेळी बोलणं बंद. घर वाशीमला. सावद्यात मी एका धान्याच्या दुकानावरच्या खोलीत राहत होते. दिवसभरात माझ्याशी सगळ्यात जास्त बोलणारा माणूस म्हणजे बावडेकरकाका, आणि त्यांना मी कधी पाहिलेलं नव्हतं.

'रानओळख' नावाचं एक मराठी संकेतस्थळ होतं. रानातल्या झाडाझुडपांची माहिती आणि फोटो लोकांनी तिथे आपणहून भरायचे आणि ते कोणालाही फुकट वापरता यायचे. शाळेच्या पुस्तकात घ्या, भिंतीवर लावा, फक्त काढणाऱ्याचं नाव द्या, एवढीच अट. नव्या सदस्याला सुरुवातीचे काही महिने एक जुना सदस्य सांभाळून घ्यायचा. आमच्याकडे त्याला 'सोबती' म्हणत. मी सोबती होते आणि माझ्याकडे मुख्यतः एकच विषय असायचा, तो म्हणजे कॉपीराइट. कारण नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात कोणाचा तरी फोटो उचलून आणायचाच.

"नेटवर होता, म्हणून घेतला."

"खाली त्याचं नाव दिलंय ना, मग चोरी कशी?"

अमळनेरच्या एका गृहस्थांनी तर लिहिलं होतं, की पळस माझ्या बांधावरचा आहे, त्यामुळे पळसाचा कुठलाही फोटो टाकायला मला कोण अडवतो. मी सगळ्यांना सावकाश, न चिडता समजावून सांगायचे. फूल कोणाचं, कॅमेरा कोणाचा, फोटोची प्रत कोणाच्या कपाटात आहे, हे प्रश्न नाहीतच. प्रश्न एकच. फोटो कोणी काढला?

काका यांच्यातले नव्हते. त्यांनी कोणाचं काही उचललं नव्हतं. कोयनेच्या धरणावर ते ओव्हरसियर होते आणि निवृत्तीनंतर पाटणला राहत होते. त्यांच्या पत्नी कुमुदबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका. डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाला तिकडे सडा म्हणतात. त्या सड्यांवर पावसाळ्याच्या अखेरीस येणारी फुलं कुमुदबाईंनी वर्षानुवर्षं हिंडून शोधली होती. वाळवून कागदावर चिकटवलेली झाडं वाळवीने खाल्ली. ज्या शाळेत शिकवलं ती बंद पडली. बिस्किटांच्या डब्यातल्या निगेटिव्ह तेवढ्या उरल्या. काकांनी स्कॅनर विकत आणला, शेजारच्या कॉलेजातल्या मुलाकडून तो चालवायला शिकले, आणि एकेक फोटो स्वच्छ करून 'रानओळख'वर टाकू लागले. त्यांत कंदीलपुष्पाच्या एका दुर्मीळ जातीचे तीन फोटो होते. त्या सड्यावरून त्या जातीची नोंदच कोणाकडे नव्हती. मी ते पाहिले तेव्हा खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

"कुठंतरी तिचं नाव राहावं," ते मला म्हणाले होते. "माझ्यामागं हे डबे कोण ठेवणार? भंगारात जातील. तुमच्याकडं राहील ना?"

"राहील," मी म्हणाले होते.

पण प्रत्येक फोटोखाली त्यांनी 'मी स्वतः काढलेला' या चौकोनात खूण केली होती, आणि त्याच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं, 'छायाचित्रकार : माझी पत्नी कै. सौ. कुमुद.' सांगलीचा फैयाज तांबोळी आमच्याकडचा व्यवस्थापक होता. त्याने हे पकडलं.

"अश्लेषा, तुझ्या काकांचं काय करायचं?" त्याने लिहिलं. "एकच फोटो नवऱ्यानं पण काढला आणि बायकोनं पण? लग्नातला आंतरपाट धरल्यासारखा कॅमेरा धरला होता का दोघांनी?"

"समजावते मी त्यांना. वारसांची संमती मागवते."

"आठवडाभर थांबतो. मग काढून टाकणार. तुला माहितीये."

मला माहीत होतं. तो नियम ज्यांनी लिहिला त्यांत मीही होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काकांचा फोन आला. एरवी ते आधी आज डब्यात काय, असं विचारायचे. त्या दिवशी विचारलं नाही.

"मुलगी नाही संमती लिहून द्यायची."

"का?"

"कुमुदला दवाखान्यात ठेवलं तेव्हा वृंदाची तिकडं नोकरी नुकती लागलेली. कुमुद म्हणाली, सांगू नका, पोर सगळं टाकून येईल. म्हणून नाही सांगितलं. मग सांगायला उशीर झाला. दहाव्याला आली, तेराव्याला गेली. जाताना म्हणाली, बाबा, तुम्ही मला विचारलं पण नाहीत. तेव्हापासून दिवाळीला एक मेसेज येतो. मीही एक पाठवतो."

पायरीखाली मुंग्यांची रांग चालली होती, ती मी बघत राहिले.

"मी माझी एकट्याची सही देतो," ते म्हणाले. "तुम्ही करून घ्या. एक सही कमी पडली म्हणून कुणाचं काय बिघडतंय?"

"तसं नाही चालत, काका."

"नियम कुणी केला हा?"

"आम्हीच. सगळ्यांनी मिळून."

"मग तुम्हीच मोडा की. मी काय कुणाला सांगायला जातोय?"

"उद्या कोणी काकूंचे फोटो उचलून स्वतःच्या नावावर लावले, तर मी त्याला कुठल्या तोंडानं थांबवू?"

यावर ते थोडं हसले. "धरणावर असता तर साहेब झाला असता तुम्ही. कंत्राटदार पळून गेले असते."

रविवारी माझ्या खोलीत मी त्यांचे सगळे फोटो एकामागून एक मोठे करून बघत बसले. खरं तर मला त्यांची शास्त्रीय नावं तपासायची होती. संमती मिळालीच, तर माहिती तरी तयार असावी. खाली दुकानात कोणीतरी ज्वारी मापून घेत होतं, तिचा सळसळाट वर येत होता.

कुमुदबाईंची एक पद्धत होती. फुलाच्या मागे पांढरा पुठ्ठा धरायचा, म्हणजे मागचं गवत दिसत नाही आणि पाकळीची कडा स्पष्ट येते. आम्हाला विद्यापीठात शिकवलेली युक्ती त्यांना कोणी शिकवली होती कोण जाणे. जवळजवळ प्रत्येक फोटोत डावीकडून पुठ्ठा धरलेला हात आत आलेला होता, मनगटात हिरव्या बांगड्या. फोटोला शोभा यावी म्हणून नाही, सोयीसाठी. आणि वाऱ्याने देठ हलू नये म्हणून दुसऱ्या हाताची दोन बोटं देठाला हलकेच टेकलेली.

असे बरेच फोटो पुढे सरकवल्यावर मी थांबले आणि परत मागे गेले.

दोन हात. दोन्ही चौकटीत.

मग मी फुलांकडे बघायचं सोडून कडांकडे बघायला लागले. एका फोटोत सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे होता. खालच्या कोपऱ्यात, कातळावर, त्याची सावली पडली होती. वाकलेलं डोकं, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन वेण्या.

मी काकांना फोन लावला. तोपर्यंत फोन नेहमी काकाच करायचे.

"काका, फुलामागे पुठ्ठा धरलेला हात कोणाचा?"

"कुमुदचा. त्या बांगड्या मी आणलेल्या, जोतिबाच्या यात्रेतनं."

"आणि देठ धरलेला हात?"

"तिचाच. अंगठ्याजवळ विळीचा व्रण आहे बघा, दिसेल."

दिसत होता.

"मग कॅमेरा कोणाच्या हातात होता?"

ते म्हणाले, "टायमर होता त्या कॅमेऱ्याला."

"तो ठेवायला स्टँड होता?"

"नाही. स्टँड नव्हता."

"तुम्ही होतात का तिथे?"

"मी कुठला? मी कधी गेलोच नाही सड्यावर. आठवड्यात एक रविवार मिळायचा, मी झोपायचो. दोघी जायच्या."

आपण काय बोललो ते त्यांना माझ्याबरोबरच ऐकू आलं असावं.

मी त्यांना तो सावलीचा फोटो उघडायला सांगितला. त्यांना वेळ लागला. माऊस टिकटिकल्याचा आवाज येत होता.

"खालच्या कोपऱ्यात बघा. उजवीकडे."

"कुमुदला मी वेण्यांत कधी बघितलं नाही," ते हळूच म्हणाले. "लग्नात पण अंबाडाच होता." मग आणखी हळू, "ही वृंदा आहे. सातवी-आठवीतली असंल."

"सगळेच तिने काढले असतील असं मी म्हणत नाही. पण जिथे दोन्ही हात दिसतात, तिथे तरी..."

"जवळजवळ सगळ्यांत दिसतात."

"हो."

"म्हणजे यात माझं काही नाही."

"कायद्याने नाही."

"आणि कुमुदचं?"

"त्या फोटोत आहेत. पण फोटो त्यांचे नाहीत."

मी हे तोलून मापून सांगितलं होतं, एकही शब्द चुकीचा नव्हता. ते म्हणाले, "फार नीट बोलता तुम्ही, मॅडम." त्यात टोमणा होता की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

"इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो," ते म्हणाले, "आमच्या हिनं काढलेत. ती हयात असतानाही सांगायचो. वृंदा समोर असायची, पाहुण्यांना चहा द्यायची. एकदासुद्धा म्हणाली नाही, की मी काढलेत."

"तुम्ही कधी विचारलं होतं?"

हा प्रश्न मी सोबती म्हणून विचारला नव्हता. तो सुटून गेला.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"त्यांनाच विचारायचं. मी मसुदा पाठवते, संमतीचा. तुम्ही फक्त पुढे पाठवा."

मी पाठवला. तासाभरात त्यांचा फोन परत आला.

"'सदर छायाचित्रे आपण काढली असल्यास', असं लिहिलंय तुम्ही. पोरीला वाटंल बापानं नोटीस धाडली."

"मग लिहू नका. फोनवर विचारा. फोटो तू काढलेस का, आणि सगळ्यांना वापरायला द्यायचेत का. दोनच प्रश्न."

"दुसरं काही विचारावं लागत नाही?"

"नाही. आमच्या नियमात दुसरं काही लागत नाही."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर नाही. तिचे आहेत."

"आणि फोनच उचलला नाही तर?"

मी म्हणाले, "तर आठवडा संपला की फोटो निघतील, काका."

"बरं," ते म्हणाले.

सोमवारी फोन आला नाही. मंगळवारीही नाही. मी 'रानओळख'वर त्यांच्या पानावर जाऊन बघायचे. ते तिथे येऊन गेल्याची काही खूण नव्हती. फोन आपण करावा असं बरेचदा मनात आलं. पण मला नक्की काय विचारायचं होतं, याचं उत्तर मिळत नव्हतं. संमती आली का, हा प्रश्न मी लिहूनही विचारू शकत होते. मग लिहिला. उत्तर आलं नाही.

बुधवारी पायरीवर बसले असताना प्रमिला बाहेर आली. ती बाटल्या धुण्याच्या विभागात होती. बाकीच्या मुली आतल्या खोलीत एकत्र जेवायच्या, हसण्याचा आवाज बाहेर यायचा.

"ताई, तुमच्या आजोबांचा फोन नाही आला का आज?"

"आजोबा नाहीत ते माझे."

"अगं बाई. आम्ही रोज म्हणायचो, किती जीव आहे नातीवर. मग कोण?"

मी जरा विचार केला. "सदस्य आहेत," मी म्हणाले.

"कशाचे?"

ते सांगायला मला बराच वेळ लागला असता. "असंच, एका गटाचे," मी म्हणाले. ती हसून आत गेली. आत जाऊन तिने ते सगळ्यांना सांगितलं असणार, कारण पुन्हा हसू ऐकू आलं.

मुदतीच्या दिवशी फैयाजने लिहिलं, "काही आलं का?"

"नाही."

"आणखी चार दिवस थांबू? तू म्हणत असशील तर थांबतो. कंदीलपुष्प काढून टाकायचं माझ्याही जिवावर आलंय."

फैयाजने आपणहून सूट देऊ केल्याचं मला दुसरं उदाहरण माहीत नाही. मी पडद्याकडे बघत बसले. मी हो म्हणाले असते, तर कोणालाही कळलं नसतं. काकांना बरं वाटलं असतं, आणि मला त्यांना फोन करायला एक कारण मिळालं असतं. पण आता मला ती सावली दिसली होती. इतकी वर्षं तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि तिला न विचारता फोटो ठेवणाऱ्यांत आता मीही आले असते.

"काढ," मी लिहिलं.

त्याने काढले. पान तसंच राहिलं. कुमुद बावडेकर हे नाव, त्याखाली काकांनी लिहिलेला परिचय, आणि त्याखाली रिकाम्या राखाडी चौकटी. मी काकांना तेवढं कळवलं. 'आज फोटो काढले. नियमाप्रमाणे ते नंतर कधीही परत आणता येतात.' यावरही त्यांचं काही आलं नाही.

पुढचे दोन महिने केळीच्या रोपांची मागणी वाढली आणि आम्ही जादा पाळ्या केल्या. मी नवीन सदस्यांना समजावत होते. नेटवर होता म्हणून घेतला, नाव दिलंय ना खाली. मी सावकाश, न चिडता लिहीत होते. जेवायला मी त्याच पायरीवर बसायचे. एकदा आत जाऊन बघितलं. मुलींनी सरकून जागा दिली, भाजी वाढली. मग त्यांचं बोलणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. ते एका लग्नाविषयी होतं, आणि त्यातली माणसं मला माहीत नव्हती.

दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी फैयाजचा निरोप आला. नुसता एक दुवा होता.

कंदीलपुष्पाचे तिन्ही फोटो परत आले होते. आणखीही बरेच. काकांच्या खात्यावरून नाही, नव्या खात्यावरून. 'मी स्वतः काढलेला' या चौकोनात खूण होती. छायाचित्रकार : वृंदा बावडेकर. त्याखाली आमच्या नमुन्यात नसलेली एक ओळ तिने स्वतः घातली होती. 'फूल शोधलं आणि धरलं : आई, कुमुद बावडेकर.' स्थळ, महिना, सड्याचं नाव, सगळं काटेकोर लिहिलं होतं. मी दोन-तीन ठिकाणी चूक शोधायचा प्रयत्न केला. नव्हती.

सगळे फोटो तिने दिले नव्हते. मी मोजत बसले नाही, पण सावलीचा फोटो त्यांत नव्हता. तो तिने ठेवून घेतला होता. तिचा होता, ठेवता येतो.

आणि यादीच्या अगदी शेवटी एक नवा फोटो होता, त्याच महिन्यातला. वाळलेलं गवत आणि त्यात एका रोपाचं सुकलेलं फळ. शास्त्राच्या दृष्टीने त्यात विशेष काही नव्हतं. मागचा पुठ्ठा वाकडा धरलेला होता, त्यामुळे अर्धं फळ गवतातच हरवलं होतं. असा फोटो आला की मी सहसा लिहिते, की पुठ्ठा सरळ धरावा. पुठ्ठ्यावरचा अंगठा जाड, म्हाताऱ्या माणसाचा होता. मी काही लिहिलं नाही.

नवीन खातं असल्यामुळे ते माझ्या यादीत आपोआप आलं होतं. सदस्य नाव नोंदवतात तेव्हा त्यांना एक प्रश्न विचारला जातो, की तुम्हाला सोबती हवा आहे का. हो किंवा नाही, एवढंच निवडायचं असतं. पण खाली शेरा लिहायला एक रिकामी जागाही असते. तिथे सहसा कोणी काही लिहीत नाही.

वृंदाने 'नाही' निवडलं होतं आणि त्या जागेत लिहिलं होतं, 'बाबा शिकवतायत.'

मी ते दोनदा वाचलं. मग माझ्या यादीतून ते नाव काढून टाकायचं बटण दाबलं. खाली दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला, म्हणजे आठ वाजले होते. मी पोळ्यांसाठी कणीक भिजवायला घेतली, एकीला लागते तेवढी.